मुक्ताचा हात सरळ होता

जे लिहायला बसलोय ते माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. ज्या मित्राबरोबर रोज सकाळी बिंदुसरा नदीच्या पुलापर्यंत चालायला जातो, त्यालाही नाही. एकदोनदा त्याला सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि मग उन्हाचं, नगरपालिकेच्या पाण्याचं बोलून मोकळा झालो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

जॉयस्टिकपासून सुरुवात करतो. वस्तूबद्दल बोलणं सोपं असतं.

मी बीडला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मूळचा शिरूर कासारचा. घरात एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे आणि त्यावर विमान उडवायचं सिम्युलेटर. लोक त्याला गेम म्हणतात, पण वारा, वजन, इंधन — खऱ्या विमानाचं सगळं गणित त्यात असतं. क्लास सुटला की मी तिथे बसतो. बायको दारातून म्हणते, “अहो कॅप्टन, उतरलं असंल इमान तर गिरणीतून दळण आणा.” या घरात माझी तेवढीच थट्टा होते, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडते. कॅप्टन. तेवढंच ऐकायला मिळतं.

कारण मला खरोखर वैमानिक व्हायचं होतं. तरुणपणी हवाई दलाच्या निवडीला बोलावणं आलं होतं. तिथे एका यंत्रापुढे बसवतात, पडद्यावर हलणारा ठिपका हातापायांनी मधोमध धरायचा असतो. माझा ठिपका काही केल्या मध्ये राहिला नाही. घरी येऊन मी सांगितलं की डोळ्यात दोष निघाला. चष्मा पुढे कित्येक वर्षांनी लागला, पण आमच्या भावकीत सगळे अजून हेच समजतात की पोराची नजर आडवी आली. म्हणजे खोटं बोलणं मला नवं नव्हतं. पण ते खोटं फक्त माझ्याबद्दल होतं.

मुक्ता माझी मुलगी. एकुलती एक. लहानपणी शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि पुढे माझ्याच खुर्चीत बसायला लागली. सिम्युलेटरमध्ये मी तिच्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं होतं, कारण तिला दांडा हलका लागायचा आणि मला जड. आपलं नाव निवडायचं, की आपल्या सेटिंग लागू होतात. हे लक्षात ठेवा. सगळं पुढे इथेच येऊन अडतं.

बारावी झाल्यावर तिने मला न विचारता एका फ्लाइंग अकॅडमीची माहिती काढली. प्रवेशाआधी तिथे सिम्युलेटरवर चाचणी घेतात, आमच्यासारखाच दांडा. त्यात जे चांगले निघतील त्यांची फी एक संस्था भरते. त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता — हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्ही माझ्यासाठी कारण शोधाल. चाचणीत चांगलं यायचं, एवढंच होतं. आणि ती चांगली होती. मी चांगली म्हणतोय, पण शब्द कमी पडतो.

एका रविवारी तिने डोंगरातल्या एका आखूड धावपट्टीवर, आडव्या वाऱ्यात विमान उतरवलं. ती धावपट्टी मला कधीच जमली नव्हती. दरवेळी मी कडेच्या गवतात जायचो. तिने पहिल्याच फेरीत चाकं मधल्या रेषेवर टेकवली आणि मागे वळून पाहिलं. बायको म्हणाली, “पोरगी तुमच्या लई वर गेली की हो.” मी हसलो. शाबास म्हणालो. आणि तिने ते पुन्हा करून दाखवू नये असं मला वाटलं. त्याला काय म्हणायचं ते मला तेव्हाही कळत होतं.

त्याच आठवड्यात जॉयस्टिक बिघडली. तिच्या दांड्याला पीळ देता येतो, स्वतःभोवती फिरवता येतो, आणि त्याने विमानाचं नाक डावीउजवीकडे वळतं. हात न लावताच नाक डावीकडे जायला लागलं. मी वायर दुसरीकडे लावून पाहिली, पुन्हा मधोमध बसवून घेतली, शेवटी खालचे स्क्रू काढून उघडली. आत पीळ मोजणारा एक छोटा भाग असतो, त्याच्या काळ्या पट्टीवर आपल्याकडची बारीक पिठासारखी धूळ बसली होती. पुसली. चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग मी शेवटचा उपाय केला. सेटिंगमध्ये मधला थोडा भाग मृत ठेवता येतो — तेवढ्या पिळाकडे विमान लक्षच देत नाही. तो ठेवला आणि विमान सरळ झालं.

माझ्या नावावर ठेवला. तिच्या नावावर ठेवायचं राहिलं.

राहिलं, हे खरं आहे. त्या दिवशी मी विसरलो. पण दुसऱ्या दिवशी क्लासहून आलो तर ती बसलेली, धावपट्टीवर विमान डावीकडे ओढतंय, आणि ती ओठ चावून दांडा उजवीकडे पिळून धरतेय. मी दारात उभा होतो. काय झालंय ते मला एका क्षणात कळलं. दोन बटणांचं काम होतं. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा प्यायलो. पहिल्या दिवसाला विसरणं म्हणा. त्या चहाला काय म्हणाल?

त्यानंतर ती रोज बसायची आणि रोज बिघडत जायची. ज्या धावपट्ट्या तिला झोपेत जमाव्यात तिथे ती कडेला जायला लागली. मी मागे खुर्ची टाकून बसायचो आणि सूचना द्यायचो. घाई करू नकोस. पकड सैल सोड. शिकवणाऱ्याचा आवाज काढायचो. मला पुन्हा काहीतरी शिकवायला मिळालं होतं — हे लिहिताना माझीच मला शिसारी येते.

आणि तिने विचारलं होतं. विचारलं नसतं तर कदाचित मी हे वेगळ्या तऱ्हेने लिहिलं असतं.

मी वर्गात पहिल्याच तासाला मुलांना सांगतो, मोजण्याआधी साधन तपासा. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटल्यावर सरकत्या पट्टीचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्यावर येत नसेल, तर दोष वस्तूचा नाही, साधनाचा. याला शून्य त्रुटी म्हणतात, झिरो एरर. ती आधी वजा करा, मग स्वतःच्या हाताला नावं ठेवा. मुक्ता माझ्याच वर्गात बसून हे शिकली होती. एका दुपारी तिने दांडा सोडला आणि म्हणाली,

“पप्पा, हे डावीकडंच कावून ओढतंय? झिरो एरर तर न्हाई ना ह्याच्यात?”

बरोबर प्रश्न होता. माझाच प्रश्न होता. मी म्हणालो, एका पंख्याचं विमान उडताना डावीकडे ओढतंच. हे खरंही आहे, थोडंसं. तिचा चेहरा काही पटल्यासारखा दिसेना. मग मी म्हणालो, “ऊठ, बघू.” तिच्या जागी बसलो. माझं नाव निवडलं. तिच्या नजरेत ते आलंच नसेल, मी नेहमी तेच करायचो. तोच दांडा, तीच धावपट्टी, तेच विमान. हात अगदी सैल ठेवून तिला दाखवत सरळ रेषेत उडवलं.

“बघ. दांड्यात काही न्हाई.”

तिने पडद्यावरची नजर आपल्या हाताकडे आणली. मग म्हणाली, “म्हंजी माझा हातच वाकडा हाय.”

मी तिला नाही म्हणालो नाही.

तिने प्रयोगावर विश्वास ठेवला. बापावर ठेवला असता तर एखाद्या दिवशी शंका तरी आली असती. प्रयोगावर शंका घ्यायची नसते, हेही मीच शिकवलेलं.

चाचणीला मीच घेऊन गेलो. बसस्टँडवर तिच्या आईने डब्यात धपाटे दिले होते, ते तिने वाटेत खाल्ले नाहीत. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती लवकर बाहेर आली. रडत नव्हती. उजवा हात डाव्या हाताने धरलेला होता, दुखावल्यासारखा. म्हणाली, “पप्पा, इथं उजवीकडं जात व्हतं. सारखं. मी पिळतच न्हवते, तरी जात व्हतं.”

तुम्हाला कळलं ना? तिथला दांडा चांगला होता. पण तिच्या हाताला सवय लागली होती, नसलेल्या ओढीशी झगडायची. महिनाभर घरी ती जे शिकली, तेच तिने तिथे केलं, आणि अगदी नीट केलं.

त्या बाकावर सांगता आलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी होती, त्यांनीच सांगितलं होतं. घरी जाऊन दोन बटणं दाबायची, महिन्याभरात हात पूर्ववत झाला असता. दारात चपला काढताना मी जे केलं त्याला हेवा म्हणता येईल. पण बाकावर तर हेवाही उरला नव्हता. ती हरली होती, मला आता काय हवं होतं? मी घाबरलो. तिने माझ्याकडे कसं पाहिलं असतं, त्याला घाबरलो. आणि निवडीहून मी परत आलो तेव्हा माझ्या वडिलांनी मला सांगितलेलं तेच वाक्य मी तिला सांगितलं — “सगळ्यांना सगळं जमतं असं न्हाई, बाळा.” वडिलांना खरं ठाऊक नव्हतं. मला होतं.

पुढच्या वर्षी तिने अर्ज भरला नाही. मीही विषय काढला नाही.

आता ती छत्रपती संभाजीनगरला असते, विम्याच्या ऑफिसात. नवरा चांगला आहे. बीडच्या रस्त्यांवर रिक्षांमधून वाट काढत स्कूटी पळवणारी माझी पोरगी आता गाडी चालवत नाही. नवऱ्याने शिकवायचं म्हटलं तर म्हणते, नको, माझा हात वाकडा आहे. रांगोळीची रेघ हलली तरी तेच म्हणते, चहा बशीत सांडला तरी तेच. घरात तो विनोद झालाय. जावई हसतात, बायको हसते. मीही हसतो. न हसून कसं चालेल?

दिवाळीत ती आली होती. दुपारी सगळे लवंडले होते आणि ती सहज त्या खुर्चीत जाऊन बसली. कॉम्प्युटर नवा आहे, पण जुन्या सेटिंग मी तशाच आणल्यात आणि जॉयस्टिक तीच आहे. तिने यादी उघडली, आपलं नाव पाहिलं आणि तिला बरं वाटलं. “पप्पा, माझं नाव अजून ठिवलंय तुमी?”

ठेवलंय. पुसलं नाही. दुरुस्तही केलं नाही. इतक्या वर्षांत एकटा असताना कितीदा ते उघडून बघितलं असेल — मृत भाग शून्य — आणि तसंच बंद केलं. आता दुरुस्त केलं तर तेव्हाही करता आलं असतं हे सिद्ध होईल, असं काहीतरी वाटायचं. कुणापुढे सिद्ध होणार होतं, कोण जाणे.

तिने विमान धावपट्टीवर घेतलं. ते डावीकडे ओढायला लागलं. मी तिच्या मागेच उभा होतो, दारातल्यासारखाच. तिने थोडं उजवीकडे पिळून पाहिलं, मग दांडा सोडून दिला आणि विमान गवतात जाऊ दिलं.

“बघा,” ती हसली. “हाय तसाच हाय हात.”

ती उठली आणि म्हणाली, “तुमी दाखवा ना, पप्पा. तुमचं लई सरळ जातं.”

मी तिच्या जागी बसलो. माझं नाव निवडलं. विमान सरळ गेलं.