फोटो शिवणारे टेलरमामा

टेलरमामा संगणकाच्या पडद्यावरचा फोटोसुद्धा चिमटीत धरायला जायचे. कापडाचा पोत पाहावा तशी पडद्यावर बोटं चोळायची आणि मान हलवून म्हणायचं, "माल बरा आहे." घाटंजीच्या बाजारात त्यांच्या दुकानाला लागूनच माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ह्यांना डोळे तपासून घ्यायला सांगावं की डोकं?

जन्मभर शर्ट-पँट शिवल्या, मग रेडिमेडने धंदा बुडवला, तेव्हा मामांनी जुना कॅमेरा घेतला. पासपोर्ट फोटो काढता काढता त्यांना लांबलचक फोटोंचा नाद लागला. एका फोटोत न मावणारं दृश्य सात-आठ फोटोंत तुकड्यातुकड्याने घ्यायचं आणि संगणकावर जोडून त्याचा एकच मोठा फोटो करायचा. तिथल्या बटणावरचा इंग्रजी शब्द त्यांनी मला विचारला. मी म्हणाले, "स्टिच. म्हणजे शिवणे." मामा खुर्चीतून उठलेच. "म्हंजे हे आपलंच काम होय! मंग इतके दिवस मी कायले भेलो?"

त्यानंतर मला त्यांचं बोलणं निम्मंच कळायचं. कपड्याच्या शिवणीआड जे जास्तीचं कापड राखतात त्याला शिंपी माया म्हणतात. फोटोचंही तसंच. एका फोटोचा थोडा भाग पुढच्या फोटोत पुन्हा यावा लागतो, नाहीतर जोड बसत नाही. त्या भागालाही मामा मायाच म्हणत. लग्नाच्या मांडवात वऱ्हाडावर ओरडत, "ओ भाऊ, सरकू नका, तुम्ही मायेत आहा!" आणि भाऊ बिचारे मागे वळून पाहत, माया कोण म्हणून.

एकदा त्यांनी सगळा आठवडी बाजार एका फोटोत घेतला. त्यात चालती बकरी जोडावर सापडली आणि सहा पायांची झाली. बकरीवाला भांडायला आला, आता हिला गिऱ्हाईक कसं मिळणार म्हणून. मामांनी त्याला पुष्कळ समजावलं की हलत्या जिवाला दोन फोटोंत धरलं की असं होतं. पटल्यासारखं करून तो उठला आणि दाराबाहेर वाकून बकरीचे पाय मोजून मगच गेला. मला हसू आलं खरं, पण मीही हळूच मोजले होते.

आमच्या घरचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या दोन भावांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बिनसलं होतं. बोलणं बंद, येणं-जाणं बंद. माय सहा महिने थोरल्याकडे राहायची, सहा महिने धाकट्याकडे. तिने माझ्या दुकानात बसून मामांना सांगितलं, "भाऊ, डोळे मिटाच्या आधी मले दोन्ही पोरं एका फोटोत पायजेत." थोरला म्हणाला, येतो, पण तो असंन तर नाही. धाकटाही तेच म्हणाला.

मामांना यात काहीच अवघड वाटलं नाही. "दोन तुकड्यात घेतो. बुढी मधात बसंन, तेच माया."

शाळेच्या मैदानात मायला खुर्चीवर बसवलं. थोरला तिच्या डाव्या हाताला उभा राहिला, फोटो झाला, तो गाडीवरून निघून गेला. मग धाकटा आला आणि उजवीकडे उभा राहिला. मामा परोपरीने सांगत होते, "माय, मान हालवू नका." पण शेजारी पोरगा येऊन उभा राहिला की ती त्याच्याकडे पाहणारच. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला हाक मारली. पडद्यावर माय धूसर झाली होती आणि तिला दोन चेहरे होते. एकीला पुसून दुसरी ठेवता येत होती. "कोनती ठेवू?" मामांनी विचारलं. थोरल्याकडे पाहणारी ठेवली तर धाकट्याकडे तिची पाठ होत होती. धाकट्याकडे पाहणारी ठेवली तर थोरल्याकडे. असं कुठे निवडायचं असतं का?

शेवटी मायलाच बोलावलं. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "दोघी ठेवा भाऊ," ती म्हणाली. "तशीच तं राह्यतो मी."

मामा म्हणजे जोड दिसला तर काम परत घेऊन पुन्हा करणारा माणूस. तरी त्यांनी दोन माया शेजारीशेजारी बसवल्या, एकमेकींकडे पाठ करून. लांब फोटोच्या दोन प्रती काढून दोन्ही घरी पाठवल्या. मला म्हणाले, "दोन माया पाहून तरी लाजतीन लेकाचे."

कोणी लाजलं नाही. थोरल्याने दोन मायांच्या मधून फोटो कापला आणि आपली बाजू फ्रेम करून लावली. ते ऐकून धाकट्यानेही तेच केलं. मी रागारागाने मामांना सांगितलं तेव्हा ते पुसदला लेकीकडे कायमचं राहायला निघाले होते, सामान बांधत होते. हातातली दोरी तशीच राहिली. "मीच कापाची जागा करून देल्ली ना त्याईले," एवढंच म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला तरी कुठे ठाऊक होतं, चूक कोणाची ते? मी गप्प राहिले. त्याच पावसाळ्यात पुसदहून ते वारल्याची बातमी आली, आणि माझं ते गप्प राहणं अजून मला छळतं.

परवा मायला भेटायला धाकट्याकडे गेले होते. भिंतीवर तो अर्धा फोटो होता. मी तोंड फिरवलं, तशी माय म्हणाली, "काहून वं? चांगला तं आहे. थोरल्याच्या घरी मी थोरल्याकडे पायतो, इथं याच्याकडे. कोनाच्याच घरी माही पाठ नाही."

तिचं हे समाधान होतं की दुसरंच काही, मला कळलं नाही. मामांना कळलं असतं. निदान मायचे हे शब्द मला त्यांना सांगता तरी आले असते.