ऐरणीवर बसलेली बाई

तिसरा नाल उपटून हातात घेतला, तोवर राहेल ऐरणीवर येऊन बसली. राहेल म्हणजे माझी बायको. प्रार्थनेहून तशीच आलेली. धुवट लुगडं, मांडीवर गीतांचं पुस्तक.

"ऊठ," म्हटलं. "तहसीलदारसाहेबांची घोडी हाय."

"घोडी कुणाची बी असंल. आज वार कोणता हाय?"

मी बोटं मोजली आणि हातातला नाल खाली ठेवला.

मी धाराशिवला नालबंद होतो. नालबंद म्हणजे जनावरांच्या खुराला लोखंडी नाल ठोकणारा. राज्य निजामाचं. कचेरीला सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, त्यामुळं सगळा गाव आठवडा जुम्म्यावरून मोजायचा. साहेबांचा पेशकार, म्हणजे कारकून, गुरुवारी सांगून गेला होता, "जुम्मा झाला की एक दिवस सोडून घोडी पाठवतो." मी व्हय म्हणून बसलो. तो दिवस ऐतवार, म्हणजे रविवार, पडतो, हे ख्रिस्ती असून माझ्या डोक्यात शिरलं नाही.

सोमवारी सकाळी साहेबांचा येरमाळ्याला दौरा. रस्ता दगडाचा. बिननालाची घोडी अर्ध्या वाटेत लंगडणार. कचेरीच्या घोड्यांचं सगळं काम माझ्याकडं होतं. ते गेलं तर आमची चूल थंड.

तेवढ्यात पेशकार आला. काळी शेरवानी, कडक इस्त्री.

"नालबंद, झालं का?"

"बाई उठंना, साहेब."

"उठव तिला. न्हायतर उद्यापास्नं घोडी दुसऱ्याकडं. अन् बाई, काम नवरा करतो, तुझं काय जातं?"

"भाता कोण ओढतं?" राहेल म्हणाली. "सहा दिस मी ओढते. खांदा बघा, केवढा सुजलाय."

खरं होतं ते. नाल तापवल्याशिवाय खुराच्या मापाला वळत नाही आणि भात्याशिवाय तापत नाही. आमचा भाता ती ओढायची. त्या सुजलेल्या खांद्याकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. खोटं कशाला सांगू.

"एवढंच ना," पेशकार म्हणाला. "भाता मी ओढतो."

भाता दमानं ओढायचा असतो. पेशकारानं विहिरीचा दोर ओढावा तसा ओढला. भट्टीतली सगळी राख वर उडाली आणि त्याच्याच अंगावर बसली. फस्स आवाजाला घोडी बिचकली, तिला धरून उभ्या मोतद्दाराच्या, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या गड्याच्या, हातातला लगाम सुटला, आणि ती सरळ कोळशाच्या भुकटीत जाऊन आडवी झाली. चारी पाय वर करून लोळली. एका पायात नाल, तीन मोकळे.

आता बघा. पांढरी घोडी काळी झाली आणि काळी शेरवानी पांढरी. राहेल ऐरणीवरच पोट धरून हसायला लागली. मोतद्दार खाली बसला. माझं काम जायची वेळ, आणि मला हसू आवरंना.

नेमके तहसीलदारसाहेब आले.

"माझी घोडी कुठाय?"

मोतद्दारानं बोट दाखवलं.

"आणि पेशकार?"

"हाजिर, हुजूर," राखेतनं आवाज आला.

साहेबांनी मिशीवर हात ठेवला, पण खांदे हलत होते. राहेलीला विचारलं, हा काय तमाशा.

"आमच्या शास्त्रात हाय, साहेब. सातव्या दिवशी सगळ्यांनी इसावा घ्यायचा. धनी, गडी, ढोरं, सगळ्यांनी."

"त्यात पेशकार येतो?"

"धन्यापास्नं ढोरापर्यंत सगळे हायेत. मधी कुठंतरी बसवू त्यांना."

साहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, "जुम्म्याला मी कुणाच्या कागदाला हात लावत नाही. उद्या सकाळी लवकर."

"चौथा नाल तरी काढू का?" मी विचारलं.

"त्योबी उद्या," राहेल म्हणाली.

घोडी दिवसभर आमच्या दारात एका नालावर टक् टक् करत हिंडली. राहेलीनं तिला गीतं ऐकवली, बाजरीची भाकर चारली. सोमवारी तांबडं फुटताच भट्टी पेटवली. दौरा वेळेत निघाला, काम माझ्याकडंच राहिलं. पुढं पेशकार दारात आला की आधी विचारायचा, "ऐतवार तर न्हाय ना आज?"

राहेल जाऊन वर्ष झालं. भट्टी बंदच आहे. ऐरणीवर मी कुणाला बसू देत नाही.

या धंद्यात एवढंच शिकलो. खिळा सोमवारी ठोकला तरी तेवढाच आत जातो. भाता ओढणारीला मात्र वेळेवर बसू द्यावं.