गळ्यातली रोमची राणी

मला अकोल्याहून अमरावतीला दुसरेपणावर दिलं, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सवतीचा टाक होता. पहिली बायको वारली की दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे तिची बाधा होत नाही, अशी आमच्याकडची रीत. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा. त्यावर सोनार डोळे म्हणून दोन ठिपके आणि तोंड म्हणून एक रेघ ठोकायचा. आमच्या गल्लीत अशा टाकवाल्या आणखीही होत्या, आणि सगळ्यांच्या सवती अगदी सारख्या दिसायच्या.

ती खरी कशी दिसायची, हे मी यांना पुष्कळदा विचारलं. फोटो कधी काढलाच नव्हता. "चांगली होती," एवढंच म्हणायचे आणि नाण्यांची पेटी काढून बसायचे. हे शाळेत इतिहास शिकवायचे आणि जुनी नाणी जमवायचे. नांगरताना कुणाला काही सापडलं की तो ते धोतराच्या सोग्यात बांधून आमच्या ओसरीवर हजर. पण नाण्याला भोक दिसलं की यांचं डोकं फिरायचं. "इतकी वर्षं मातीत टिकलं, अन् माळेत ओवाच्या पायी जीव घेतला त्याचा!"

एकदा मी माहेरी गेले होते. हे न्यायला आले, पण आधी सराफ्यात शिरले. इकडे जेवणं खोळंबली. आले ते मूठ आवळूनच. गाडीत बडनेऱ्यापर्यंत तेच चाललं होतं, मूठ उघडायची, पाहायचं, मिटायची. शेवटी मी म्हटलं, "काय पाहून राहिले एवढं?"

त्यांनी तळहात पुढे केला. चांदीचं नाणं, त्यावर बाईचा चेहरा. सरळ नाक, भरलेली हनुवटी, मागे अंबाडा. "रोमच्या बादशहाची बायको," ते म्हणाले. पेटीत रोमची नाणी होती, पण सगळी बादशहांची. या एका बाईपायी त्यांनी बहामनी नाण्यांची अख्खी थैली सराफाला देऊन टाकली होती. मला हसूही आलं आणि रागही. न्यायला यायचं बायकोला आणि वाटभर पाहायचं भलतीकडेच!

घरी सासूबाईंनी नाणं हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

"अवं माय! हे तं आपली पहिली सून व्हय!"

हे अंगणात निघून गेले, आणि मला सगळं कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. मला तो वाटला. या घरात मी तिच्या रिकाम्या पाटावर बसवलेली आहे, की माझाही एखादा पाट आहे, हेच मला समजेना.

नाणं पेटीत गेलं नाही, यांच्या कोटाच्या खिशात राहिलं. मी थोडे दिवस पाहिलं, मग एका सकाळी गळ्यातला टाक पुढे करून म्हटलं, "याच्यात कोनीच नाही. घालाची तं खरी घालतो मी. द्या ते इकडे."

"भोक पाडा लागन," हे कसेबसे म्हणाले.

"मंग पेटीत ठेवा. पन खिशात घेऊन फिरू नका. मले दिसते."

संध्याकाळी ते आपणहून मला सोनाराकडे घेऊन गेले. सोनाराने विचारलं, "कुठी पाडू, गुरुजी?" हे किती तरी वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग अंबाड्याच्या वर बोट टेकवलं.

"इथं. इथं ते शेवंती खोचे."

लग्न झाल्यापासून तिच्याबद्दल त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. माझे डोळे भरून आले. ठोका पडला तेव्हा यांनी मान फिरवली आणि मी त्यांचा हात धरला.

नाणं गळ्यात बांधून निघालो तर चौकात माळीण टोपली घेऊन बसलेली. यांनी शेवंतीची वेणी घेतली.

"तिच्यासाठी?" मी विचारलं.

"तुह्यासाठी. मान वळव."

आणि भर बाजारात, येणारे-जाणारे पाहत असताना, त्यांनी ती स्वतःच्या हाताने माझ्या अंबाड्यात माळली.