जारच्या पाण्यातल्या लेन्स

कॉन्टॅक्ट लेन्स मी प्यायच्या पाण्यात ठेवल्या. तेही साध्यासुध्या नाही, विकतच्या जारच्या, थंडगार पाण्यात.

आमच्या नेवाशात बोअरचं पाणी असं, की नळाच्या तोंडावर पांढरा थर चढतो. ते डोळ्यात कोण घालणार? एवढी अक्कल मला होती, आणि तिचाच मला अजून राग येतो. लेन्स बुडवून ठेवायचं औषध रविवारी संपलं, दुकान नगरला, आणि मेहुण्याच्या मुलीची हळद संध्याकाळी. जारचं पाणी लहान लेकरं पितात, लेन्सला काय होतंय, म्हणून डबीत ओतलं. त्या लगीनसराईत मग तीच सवय लागली.

एका लग्नाहून आलो तो उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल. उजेड सहन होईना. बायकोनं एसटीत घालून नगरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"बुबुळावर जखम आहे. भरली तरी डाग राहू शकतो. मधोमध राहिला, तर या डोळ्यानं वाचता येणार नाही."

मी शाळेत शिकवतो. वाचण्यावरच पोट आहे. मला जो संताप आला, तो सगळा दुसऱ्यांवर.

"त्या जारवाल्यावर केसच करतो."

"त्यानं डोळ्यासाठी दिलं होतं का?" बाई माझ्याहून तापल्या होत्या. "लेन्सला कुठलंच पाणी चालत नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळलेलंसुद्धा नाही. डबीतलं जुनं औषध दर वेळी फेकायचं, नवं घ्यायचं. तुम्ही काय करत होता?"

"वरून थोडी भर घालत होतो."

"महिनाभर चालणाऱ्या लेन्स ना? कधी उघडल्या?"

"दिवाळीत."

"आता आंबे आलेत," बायको म्हणाली.

"पण रोज कुठं लावतो? लग्नकार्यालाच. वापरलेले दिवस धरले तर महिना अजून भरायचाय."

"पाकीट फोडलं की महिना सुरू. लावा, नाहीतर डबीत ठेवा."

मग मला दुकानातल्या बाईचा राग आला. तिनं हे सांगायला नको? तिनं सांगितलं होतं. कधीमधीच लावणार असाल तर रोजच्या रोज टाकून द्यायच्या घ्या, असंही म्हणाली होती. एकदा लावून फेकायला ती काय पत्रावळ आहे, असं मीच तिला सुनावलं होतं. बाकीचं ती समजावत होती तेव्हा मी समोरच्या आरशात बिनचष्म्याच्या स्वतःला न्याहाळत होतो. हे आठवलं आणि राग आणखीच चढला, कारण तो काढायला आता माणूस उरला नव्हता.

पुढं तासातासाला थेंब. बायको माझ्या पापण्या फाकवायची आणि मी तिच्यावर खेकसायचो, "हळू की जरा." ती दर वेळी हात साबणानं धुऊन, पुसून, कोरडे करून मगच यायची. मला तोही टोमणाच वाटायचा.

शेवटच्या तपासणीला बाईंनी माझा डावा डोळा झाकला. मोठी अक्षरं दिसली. मधली दिसली. खालची ओळ जरा धूसर, पण लागली.

"डाग कडेला राहिलाय. सुटलात."

यावर शहाण्या माणसानं हात जोडले असते. मी विचारलं, "मग लेन्स परत कधीपासून?"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"चष्माच लिहून द्या," बायको म्हणाली. "यांना घरात मी कपबशीसुद्धा विसळू देत नाही."