डर्बनचं बोलावणं

कोंडीराम तांबे मूळचा मंडणगडकडचा. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. शेतावर कुणी कामाला बोलवीना, दुकानदार मीठसुद्धा देईना. तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेला कोंडीराम मामाच्या मागोमाग मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात चिकटला. पुढं उमेदीची सगळी वर्षं त्यानं तिथंच घालवली. ब्याऐंशीच्या संपात काहीजण कंटाळून गेट ओलांडून कामावर गेले, कोंडीराम गेला नाही. त्याची नोकरी गेली ती गेलीच. मग अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत पाण्याचा पंप चालवायचं काम त्याला मिळालं.

त्याची थोरली मुलगी शैला भोईवाड्याच्या चाळीतल्या एका खोलीत शिकली आणि दादरच्या कॉलेजात समाजशास्त्राची प्राध्यापिका झाली. संपाच्या काळात चाळीतल्या बायकांनी चुली कशा पेटत्या ठेवल्या, यावर तिनं एक निबंध लिहिला. तिची आई बकुळा दुपारी शेजारणींना खोलीत जमवायची आणि त्या बोलायच्या ते शैला उतरवून घ्यायची. तो निबंध परदेशात छापून आला आणि शहाऐंशी साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून तिला बोलावणं आलं. बोलावणाऱ्या नायडूबाई तिथल्याच, भारतातून गेलेल्या मजुरांच्या घराण्यातल्या, आणि विद्यापीठात शिकवायच्या. तिथंही कापडगिरण्या होत्या, संप झाले होते. तुमच्या बायकांची हकिकत आमच्या बायकांना सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोंडीरामनं ही बातमी अख्ख्या चाळीला सांगून टाकली. संध्याकाळी शैलानं पासपोर्ट उघडून त्याच्यापुढं धरला. त्यावर छापलेलं होतं, की दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांत जाता येईल. तिथलं गोरं सरकार माणसांना रंगावरून वेगळं ठेवतं, म्हणून आपल्या सरकारनं त्या देशाशी व्यवहार तोडलाय, असं तिनं समजावलं.

"बरं केलं," कोंडीराम म्हणाला. लगेच त्यानं विचारलं, "मग तू जाणार कशी?"

ते विद्यापीठाला विचारायचं ठरलं. शैलानं बापाला सोबत नेलं. फोर्टातल्या कचेरीत एका भल्या अधिकाऱ्यानं दोघांना चहा पाजला. परदेशी व्याख्यानाला जायचं तर विद्यापीठाची परवानगी लागते, तो म्हणाला. अशा देशासाठी त्याआधी सरकारची हरकत नाही असं पत्र लागतं, आणि सरकार म्हणतं, आधी विद्यापीठाची शिफारस आणा. शिफारस केली तर सरकारनं वाळीत टाकलेल्या देशाशी विद्यापीठानं संबंध ठेवला असं होतं. नाकारायचं, तर व्याख्यानाला जाऊ नये असा नियमही त्याला कुठं सापडत नव्हता.

कोंडीरामनं दबकत विचारलं, "ती काय माल विकायला चालली नाही साहेब. नुसतं बोलायला चाललीय. बोलण्यावरपण बंदी आहे का?"

अधिकाऱ्यानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, असा अर्ज माझ्याकडं पहिल्यांदाच आलाय," तो शेवटी म्हणाला. "हो म्हणायचं की नाही, खरंच मला कळत नाही. अर्ज ठेवून जा, वर विचारतो."

वरून उत्तर आलं नाही. नायडूबाईंनी मात्र कळवलं, की केनियातल्या नैरोबीमार्गे या, आमच्या देशाचा शिक्का पासपोर्टवर नको, वेगळ्या कागदावर घेता येतो. इथं पुष्कळजण असे येऊन गेलेत.

कोंडीराम बुधाजीकडं गेला. हा त्याचा गिरणीतला जोडीदार, युनियनचा जुना माणूस. बुधाजीनं लगेच निकाल दिला, "अरे, हा बहिष्कार म्हणजे गिरणीचं गेटच आहे. संपात आपण गेट ओलांडलं का? मग पोरीनं कशाला ओलांडायचं?"

कोंडीरामला पटलं. पण चार पावलं गेल्यावर त्याला शंका आली आणि तो परत फिरला. बोलावणारे गोरे नव्हते, त्यांच्या हाताखाली भरडलेलेच होते. मग ते गेटच्या आतले की बाहेरचे?

बुधाजीनं मान खाजवली. "ते तिथं गेल्याशिवाय कसं कळणार?"

घरी बकुळेनं आणखीच गुंता केला. ती कोंडीरामच्याच गावची. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "गावानं मीठ बंद केलं तेव्हा पलीकडच्या वाडीतली राधाबाई ओच्यात मीठ लपवून आणून द्यायची. तीसुद्धा बहिष्कारच मोडत होती. आपण तिला वाईट म्हटलं का?"

तो बहिष्कार वेगळा, असं कोंडीराम म्हणाला. तो आपल्याला चिरडायला होता. हा चिरडणाऱ्याला वठणीवर आणायला आहे. बोलताना त्याला ते खरं वाटलं. पण मीठ तर दोन्हीकडं माणसालाच लागतं, हे मनातून जाईना.

शैलालाही ठरवता येईना. "बाबा, तुम्ही सांगाल तसं करते," ती म्हणाली. तिचा रडवेला चेहरा बघून कोंडीरामनं एकदाचं सांगितलं, "चोरून नको जाऊ. उजळ माथ्यानं जाता येईल तेव्हा जा." हे तत्त्वानं सांगितलं, की पोरीची नोकरी जाईल या भीतीनं, ते त्याचं त्यालाही उमगलं नाही.

शैला गेली नाही. तिनं निबंधाची प्रत धाडली.

सात-आठ वर्षांनी तिकडचं राज्य बदलू लागलं, पासपोर्टवरची ती ओळही गेली आणि शैला राजरोस डर्बनला जाऊन आली. परतल्यावर तिनं सगळी हकिकत सांगितली. नायडूबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. शैलाचा निबंध त्यांनी शिवणखात्यातल्या बायकांना वाचून दाखवला होता. "तू स्वतः आली असतीस तर त्यांना केवढा धीर आला असता," असं बाई म्हणाल्या. आणि त्यांचाच युनियनमधला भाचा शेजारी बसून हसत म्हणाला होता, "तुम्ही तेव्हा आला असता ना, तर बहिष्कार मोडला म्हणून आम्ही हॉलबाहेर तुमच्याविरुद्ध घोषणा देत उभे राहिलो असतो."

"मग मी तुला सांगितलं ते बरोबर होतं की चूक?" कोंडीरामनं विचारलं.

"मीही त्यांना तेच विचारलं, बाबा. दोघंही एकमेकांकडं बघायला लागली."

हॉलबाहेर उभं राहू म्हणणाऱ्या त्या पोराला एकदा भेटावं, असं कोंडीरामला फार वाटलं. आणि आत वाट बघत बसल्या असत्या, त्या बायकांनाही.