अर्पणावरचं नाव

आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाच्या सणाला अर्पणावर नाव लिहीत नाहीत. ज्वारीची पाटी, कोंबडी, डांगर, जे असेल ते वेदीपुढे ठेवायचं आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसायचं.

गेल्या सणाला मी गीतांचं ॲप अर्पण केलं. खरं तर आत्यासाठी. तिला गीतपुस्तकातली अक्षरं दिसेनाशी झाली होती. ॲपमध्ये ती बोटाने हवी तेवढी मोठी करायची. ॲपचा सांगाडा, म्हणजे मूळ कोड, माझा नव्हता. कुणा अनोळखी माणसाने तो लिहून नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. त्याच्या अटी दोनच: ‘माझं नाव राहू द्या, आणि यावर जे उभाराल तेही असंच खुलं ठेवा.’ अटी इंग्रजीत होत्या, माझ्या शाळेच्या भाषेत. मला कळल्या नाहीत असं म्हणायची सोय नाही.

तरी सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक फाईलच्या माथ्यावरचं माझं नाव मी पुसलं, आणि त्याच ओघात त्याचंही. अर्पण बिननावाचं असतं, एवढंच डोक्यात होतं.

पुढे त्याचा मेल आला. नाव परत घाला, सगळं खुलं करा, नाहीतर ॲप काढा. नाव घालणं सोपं होतं. पण गीतांचे शब्द मी त्याच्या कोडमध्येच गुंफले होते, आणि गीतपुस्तकाच्या समितीने ते देताना ‘कुणाला नक्कल करू देणार नाही’ असं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. एकाची अट पाळली की दुसऱ्याची मोडत होती. समितीला विचारलं. नाही म्हणाले.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना सांगितलं, तर एक पंच हसले. “देवाच्या कामात कसली आलीय मालकी, बाई? आन् तुझं तर नावच न्हाई त्यावर. तुला कोन धरतंय?”

“मीच पुसलंय,” मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही.

नव्याने लिहून पाहिलं. त्याचं इतक्यांदा वाचलेलं, की लिहीन ते त्याच्यासारखंच उतरायचं. शेवटी ॲप काढलं. आत्याच्या मोबाईलमधूनही, माझ्याच हाताने.

रविवारी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. “बाय, गीतं कुठं गेली?”

“बिघडलंय.”

“मग नीट कर की. तू एवढी शिकलेली हायेस.”

“करते,” म्हणाले.

मंडळी गायला उभी राहिली. पहिलं कडवं आत्याला पाठ होतं. दुसऱ्यापासून ती नुसती उभी होती.