आभार मानून टाकले

विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिता लिहिता मी लिहायला शिकलो. त्यामुळे चहा मागतानाही माझ्या बोलण्यात 'झालाच पाहिजे' येतं, असं आई म्हणते. पण वर्गातल्या सादरीकरणाला अध्यक्ष लागतो, हे मला आजही पटत नाही.

हिंगोलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आमच्या गटाला विषय मिळाला, 'ग्रामीण मुली आणि शिक्षण'. गटात आम्ही तिघं: मी, माझा एक मित्र आणि डोंगरकड्याहून रोज एसटीनं येणारी वर्गमैत्रीण. माहिती सगळी तिनं जमवलेली, बसमधल्या पोरींशी बोलून. पण सरांनी ठरवलं, प्रास्ताविक मित्राचं, विषय मी मांडायचा, आभार तिनं मानायचे. पोरींनी स्वागतगीत म्हणायचं नि आभार मानायचे, भाषणं पोरांनी ठोकायची, ही आमच्याकडची जुनी वाटणी. मी सरांशी कडाडून भांडलो. माझं भाषण तिला द्यावं, हे मात्र मला सुचलं नाही.

तिची बस साडेचारची. पुढच्या बसनं घरी पोचायला अंधार पडतो. एकदा तसं झालं, तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर कॉलेज बंद.

"चारला मोकळे होऊ," मी तिला शब्द दिला.

"तुमी बोलणार न्हाई का मंग?" ती म्हणाली.

अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते. तीनचा कार्यक्रम, ते जवळा बाजार गावचा आठवडी बाजार उरकून पावणेचारला आले. मेथीची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. दिवा टिकेना म्हणून पंखे बंद केले. मग सत्कार. अध्यक्षांचा, सरांचा, आणि शाली आणून देणाऱ्या शिपाईमामांचाही. मित्राच्या प्रास्ताविकात शिक्षणाची सुरुवात गुरुकुलापासून झाली आणि ती काही लवकर आपल्या जिल्ह्यात येईना.

माझी पाळी आली तेव्हा चार वाजून गेले होते. मी दोनच मिनिटं बोलणार होतो. पण शासन हा शब्द तोंडातून निघाला, आणि मग मला आवरेना.

"हे पत्रक झालं, सादरीकरण न्हाई," सर म्हणाले.

तेवढ्यात ती उठली. "सर, माझी गाडी हाय."

"अगं, अध्यक्षीय भाषण राहिलं, चर्चा राहिली. आभार झाल्याबिगर उठता येत न्हाई."

"आभार माझ्याकडंच हायेत की. मानते."

आणि ती थेट माईकपाशी गेली.

"बसमधल्या पोरींचे आभार. बारावीनंतर घरी काहून बसवलं, ते त्यांनी खरं सांगितलं. कॉलेज दूर हाय म्हणून न्हाई, परतायला अंधार पडतो म्हणून. कंडक्टरमामांचे आभार. मला उशीर झाला त्या दिवशी फाट्यावर माझे वडील दिसेस्तोवर त्यांनी गाडी हलू दिली न्हाई. वडील चिडून राहिले, तरी पाठवून राहिले, त्यांचे आभार. अध्यक्ष बाजार उरकून आले, त्यांचे आभार. कार्यक्रम संपला."

दप्तर उचलून ती गेलीसुद्धा.

आभार झाले म्हणजे उठायचं, हे आमच्या अंगातच मुरलेलं. अख्खा वर्ग उभा राहिला. बाकं सरकली, कुणीतरी पंखे लावले. अध्यक्षांचा भाषणाचा कागद खिशातून अर्धा बाहेर आला होता.

"माझं राहिलं की," ते म्हणाले.

"आभार झाले ना सर," मागून एक जण अदबीनं म्हणाला.

आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवलेला माणूस. आभारानंतर बोलता येत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. कागद आत सारून त्यांनी मेथी उचलली. मीही माझ्या उरलेल्या मागण्या घेऊन निमूट बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला ती वर्गात होती. सरांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"काल चर्चा राहिली. हिला कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गाडी सापडली का?"

"सापडली," ती म्हणाली. "आता अंधाराचं विचारा."